दिव्याचा ठिपका

जुना मॉनिटर बंद पडला तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या मामांनी विचारलं होतं, "मॅडम, पडदा साधा मॅट मागवू की चकचकीत ग्लॉसी?"

"ग्लॉसीच. काळा रंग कसा काळाकुट्ट दिसतो! मॅटवर सगळं धुरकट वाटतं."

दिवसभर एक्स-रे पाहून अहवाल लिहिणं हे मॅडमचं काम. नव्या पडद्यात छतावरच्या दिव्याचा पांढरा ठिपका पडायचा. पहिले काही दिवस त्या मान हलवून पाहत. ठिपका सरकला की समजायचं, दिवाच; नाही तर फोटोतलाच डाग. मग सवय झाली आणि मान हलवणं राहून गेलं.

गुरुवारी दुपारी मामा शिडी घेऊन आत आले.

"काय हो मामा?"

"वरचा दिवा बदलतो. परवाच उडालाय. खिडकीचा उजेड असतो, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल."

मॅडम पडद्याकडे वळल्या. "परवा? पण तो ठिपका मी आज सकाळीसुद्धा पाहिला!"

मामा शिडी लावता लावता थबकले.

दोन दिवसांचे अहवाल कधीच रवाना झाले होते. मॅडमनी खिडकीचे पडदे ओढले, दार लावलं आणि छातीचा एकेक फोटो पुन्हा पाहायला घेतला. सव्विसाव्या फोटोत, उजव्या फुप्फुसावर, तो होता. त्यांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. ठिपका जागचा हलेना. खाली त्यांचेच शब्द होते : 'काहीही दोष नाही.'

तो फोटो ज्या बाईचा होता ती बस चालवायची. वय एकेचाळीस. मॅडमनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"ताई गाडीवर आहे. मी तिची बहीण. का हो, काय झालं?"

"त्यांना आज पाठवा. माझ्या हातून चूक झालीय."

संध्याकाळी ती गणवेशातच आली. मॅडमनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिने फोटोतल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून गाठ काढली. लहान होती, वेळेत सापडली, असं सर्जन म्हणाले.

मॅट पडदा आला त्या दिवशी बाई टाके दाखवायला आली होती.

"मॅडम, तो दिवा उडालाच नसता तर?"

मॅडमनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचाच हात गार पडला होता.