टकटक थांबली तेव्हा

“टकटक थांबली की उठू नकोस. खरं बसायचं ते तेव्हाच.”

असं सांगताना मामंजी दुर्बीण माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः कपाळाशी तळहात धरून बघायचे. या वनस्पती उद्यानाचे ते मुख्य माळी. सुतारपक्ष्यांपुढे त्यांना घरातल्या कुणाचंच कौतुक नसे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आता दुर्बीण माझ्याकडे आहे.

मी उद्यानाच्या बियाणे खोलीत काम करते. बिया सुकवायच्या, निवडायच्या, बरण्यांना चिठ्ठ्या लावायच्या. पहाटे देवापुढे दिवा आणि सकाळी नऊपर्यंत मौन, हा माझा बावीस वर्षांचा नेम. एरवीही मी हळूच बोलते. धाकटे दीर उद्यानाचे अधीक्षक आहेत. ते म्हणतात, वहिनींचं बोलणं ऐकायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो. मी हसून घेते.

खोलीच्या खिडकीसमोर एक वाळलेला शिरीष उभा आहे. यंदा त्यावर सोनेरी पाठीच्या सुतारांची जोडी आली. नराचा तुरा लालभडक, मादीच्या काळ्या कपाळावर पांढरे ठिपके. त्यांनी खोडात भोक पाडायला घेतलं. अकरा दिवस खाली भुसा पडत होता आणि नर वरच्या सुक्या फांदीवर ठोके देत होता. मौनात बसून दर पाव तासाचे ठोके मी वहीत मांडत होते. चौदा, नऊ, तीन. मग एकही नाही.

त्याच सुमारास एक फांदी मोडून पहारेकऱ्याच्या सायकलवर पडली. चाकाचा पापड झाला. तिथे माणूस असता तर, या विचाराने दिरांची झोप उडाली. त्यांची काळजी खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. झाड पाडायचं ठरलं. पक्षी आहेत का हे बघायला बाहेरून एक पाहणीदार बोलावला. त्याने खोडाला आवाज टिपणारं यंत्र बांधलं. तीन दिवसांत यंत्रात एकही ठोका आला नाही. त्याने लिहून दिलं, पक्ष्यांनी भोक सोडून दिलं आहे. पुढे परवानग्या जमवण्यात तीन आठवडे गेले.

पण इथला एक जुना नियम आहे. कुठलंही झाड पाडण्याआधी त्याचं बी घेऊन ठेवलं, अशी बियाणे खोलीची सही लागते. वाळलेल्या झाडाचं बी कुठून येणार? तरी कागदावर चौकट आहे, म्हणजे सही हवीच. शिपाई कागद ठेवून गेला, तो मी उचलला आणि दिरांच्या खोलीत गेले. पाहणीदार तिथेच बसला होता. करवतवाला दारात उभा होता.

मी कागद सही न करताच टेबलावर ठेवला.

दिरांनी उठून पंखा बंद केला. म्हणाले, नुसती रीत आहे वहिनी, करून टाका. मी म्हटलं, सही बघून करायची असते. मी बघितलंय, म्हणूनच करत नाही. पाहणीदार समजुतीच्या सुरात मला यंत्राबद्दल सांगू लागला. पानावर पान पडलं तरी ते टिपतं म्हणे. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली. ज्या दिवशी ठोके थांबले त्या दिवसापासून तासातासाने नर आत गेला की मादी बाहेर, मादी आत गेली की नर बाहेर. रात्रीची पाळी नराची. अंडी उबवताना ते असेच वागतात.

“पण आवाज नाही ना काही,” तो म्हणाला.

“बाळंतिणीच्या खोलीत तुमच्याकडे ढोल वाजवतात का?”

करवतवाल्याला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

दिरांचा चेहरा मात्र उतरला. अडवणूक केली असं मला वर कळवावं लागेल, तुमची नोकरी आहे वहिनी, असं ते खाली बघत म्हणाले.

“कळवा भाऊजी. अडवणूक केली असंच लिहा, विनंती केली असं नको.”

मग मी सगळ्यांना झाडाशी नेलं. पाऊण तास काही झालं नाही. पाहणीदार घड्याळ बघत होता, दीर रुमालाने मान पुसत होते. मी बसून होते. शेवटी नर आला, खोडाला चिकटला आणि भोकात डोकं घालून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत पांढरी गोळी होती. ती त्याने दूर नेऊन टाकली.

“आत पोरं आहेत,” करवतवाला म्हणाला. “घाण काढतोय बाप.” त्याने करवत म्यानात घातली आणि आजचं काम झालं असं दिरांना स्वतःहूनच सांगून टाकलं.

पाहणीदाराने आपण लिहून दिलेला कागद परत मागून घेतला. दिरांचा प्रश्न मात्र तसाच होता. पिल्लं उडायला दोन-तीन आठवडे लागणार. तोवर फांदी पडली तर? दोर बांधला तरी सकाळचे फिरणारे लोक तो ओलांडतात, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

मी म्हटलं, सहा ते नऊ मी दोराशी उभी राहीन. रोज. शेवटचं पिल्लू जाईपर्यंत एकालाही खालून जाऊ देणार नाही. नऊनंतर पहारेकरी आहेच.

“आणि मौन?” दिरांनी विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

“ते दुपारी पाळीन. देवाला मी सांगते.”

दोर कुठून कुठे बांधायचा ते त्यांनी पावलांनी मोजलं. मग म्हणाले, एक दिवस जरी चुकलात तरी करवत. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दिवा लावून झाला. घरात सगळे झोपले होते. दाराची कडी आवाज न करता काढली, दोराचं भेंडोळं खांद्याला अडकवलं, आणि सहाच्या आधी पोचायचं म्हणून भरभर चालू लागले.