नाकाची साक्ष

अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलेली ती लवंग... वाळकी, काळपट, डोक्यावर एवढासा गोल मणी आणि मण्याभोवती चार बोथट दाते. फायदा सरळ होता. डावी दाढ सकाळपासून ठणकत होती, ठणका कानापर्यंत चढला होता, आणि लवंग दाढेखाली धरली की निदान दोन तासांची सुटका. तोटा मात्र संध्याकाळी साडेसहाला, घराच्या दारात, एका नाकाच्या रूपाने उभा राहणार होता.

“अरे, बघतोस काय तिच्याकडे? लग्न लावायचंय का?” चकाकी म्हणाला. फर्निचरच्या त्या कारखान्यात पॉलिशचं काम त्याच्याकडे होतं. हातांपासून टकलापर्यंत सगळं चकचकीत, म्हणून हे नाव. “चाव आणि लाग कामाला.”

“बायको ओरडेल.”

“लवंगेला?”

“लवंगेलाच.”

चकाकी हसला. हसू दे. त्याला काय ठाऊक, की पूर्वी हे पॉलिशचं काम कोणाकडे होतं... लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, बोळा भिजवायचा, हात हलका ठेवून लाकडावर फिरवायचा. त्यातलं थोडं स्पिरिट कपाटाच्या वाट्याला, थोडं पाणी घालून स्वतःच्या. वर झोपेच्या दोन गोळ्या. आणि घरी जाताना तोंडात लवंग. सात वर्षं घरात सगळ्यांचा समज होता, की ह्याचे दातच मुळात कमजोर! मेहुण्याने तर एकदा दातांचं औषध आणून दिलं होतं, बिचाऱ्याने.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून घरी आला त्या दिवशी बायको दारात उभी होती. हातात ओवाळायला काही नव्हतं, कंबरेवर हात होता. “तुमची शपथ नको, रडणं नको,” ती म्हणाली होती. “रोज आलात की उंबऱ्याच्या बाहेर थांबायचं आणि तोंड उघडायचं. येताना बडीशेप नाही, वेलदोडा नाही, चूळ भरणं नाही. आणि लवंग तर नाहीच.” तेव्हापासून चौदा महिने हे चाललं होतं. मालकाने परत घेतलं तेही पॉलिशच्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही, या अटीवर. मग दिवसभर घासकाम, पॉलिशपेपरने लाकूड गुळगुळीत करायचं, चमक दुसऱ्याने आणायची; आणि संध्याकाळी दारात ‘आ’. चाळिशीतला पुरुष, शेजारची काकू जिन्यातून बघतेय, आणि हा आपला जबडा वासून उभा. सुरुवातीला लाज वाटायची. नंतर नंतर... खरं सांगायचं तर आवडायला लागलं. दिवसभर केलं काय, तर काहीच नाही. आणि त्या काहीच नसण्याची रोज संध्याकाळी पोच मिळायची.

दुपारी दाढेने डोळ्यांत पाणी आणलं आणि त्याने लवंग चावली.

आराम पडला, आणि पडल्याबरोबर भीती सुरू झाली. चार तास तो मनातल्या मनात बोलत होता. अगं, दाढ खरंच दुखतेय, बघ, सूज आलीय... चकाकीला विचार हवं तर... हे सगळं सात वर्षांत सत्तर वेळा बोलून झालेलं. खरं बोलायची वेळ आली तर मला शब्द सगळे वापरलेलेच मिळतात, त्याला मी तरी काय करू?

साडेसहा. उंबरा. ती ओल्या हाताने बाहेर आली, टाचा उंचावल्या, डोळे मिटले. त्याने ‘आ’ केलं. लवंगेचा दर्प त्याच्या स्वतःच्याच नाकात भरला होता, जिन्यातल्या काकूलासुद्धा गेला असता.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “चपला नीट ठेवा.” आणि आत गेली.

क्षणभर त्याला भरून आलं. विश्वास बसला माझ्यावर! लवंग असून बोलली नाही... चपला काढता काढता एक पाय अर्धवटच राहिला. नाही. ही बाई लवंग सोडणारी नव्हे. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्या शर्टाला कारखान्यातल्या स्पिरिटचा वास लागलेला असायचा, तर ती पारखून सांगायची, “कपड्यांना आहे, तोंडाला नाही.” हे शेवटचं कधी ऐकलं? तिला ताप यायच्या आधी. चार महिन्यांपूर्वी ती आठ दिवस तापाने पडली होती. त्यानंतर नुसतं ‘ठीक आहे’. त्यानंतरच पातेलं करपून धूर झाला तरी ती शेजारी बसून बटणं लावत होती. त्यानंतरच गॅस चालू राहिला, तो काकूने आरडाओरडा करून बंद करायला लावला. आणि त्यानंतरच ती सारखी विचारायला लागली, दूध नासलं नाही ना, बघा जरा. तो खूश व्हायचा. म्हणायचा, घरात आपल्याला किंमत आली!

तिला वास येत नव्हता. एकशे वीस संध्याकाळी.

पहिल्यांदा मनात आली ती कीव नव्हती. पहिल्यांदा आलं ते असं, की एकशे वीस संध्याकाळी फुकट गेल्या. दार सताड उघडं होतं आणि मी कोंडल्यासारखा आत बसून राहिलो! मग त्या विचाराची शिसारी आली. मग वाटलं, पण म्हणजे तेवढे दिवस मी माझ्या बळावर... छे. नाकाला भिऊनच राहिलो ना? ते नाक नव्हतं ही गोष्ट वेगळी. ह्यातलं श्रेय उचलायला गेलं तर हाताला काहीच लागत नव्हतं.

आणि ती? रोज डोळे मिटून भिंत हुंगावी तशी हुंगत होती. काही कळत नव्हतं, तरी ‘ठीक आहे’ म्हणत होती, स्वतःच्या जोखमीवर. हा खरंच पिऊन आला असता तरी तिने तेच म्हटलं असतं आणि त्याच्याच शेजारी अंथरूण घातलं असतं. तिने भावालासुद्धा सांगितलं नसेल. सांगणार कशी? बातमी फिरली, की धाक संपला.

‘मला कळलंय.’ दोनच शब्द होते. म्हटले असते तर उद्यापासून तिने दुसरं काही शोधलं असतं, मेहुण्याला दारात उभं केलं असतं, फट बुजली असती. तो म्हणाला नाही. तिला उगाच धक्का बसेल, ती खचेल... कारण चांगलं होतं. तडा गेलेल्या लाकडावर पॉलिश बसावं, तसं छान बसत होतं.

तिने ताटं वाढली. “कालचीच भाजी गरम केलीय. उतरली नाही ना, बघा बरं.”

त्याने वाटी नाकाशी नेली. आंबूस होती. फार नाही, पण होती. होती म्हणावं तर ती दचकणार, मग तिच्या नाकाची गोष्ट निघणार, आणि ती निघायला नको होती. का नको, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

“चांगली आहे,” तो म्हणाला.

चौदा महिन्यांतलं तिच्याशी बोललेलं पहिलं खोटं. पिऊन बोलायचा तेव्हा निदान जीभ अडखळायची. आता काही म्हणजे काही झालं नाही.

“मग खात का नाही?”

“भूक नाही.”

“चांगली म्हणायची आणि टाकायची! रीतच तुमची ती.” ती खरंच हसली, मोकळं, बऱ्याच दिवसांनी. हात लांब करून तिने त्याची वाटी आपल्याकडे ओढली, आणि पिऊन न आलेल्या त्या संध्याकाळचे दोन्ही वाटे, एकेक घास करत, तिनेच संपवले.