डाग म्हटलं की आजोबा

इस्त्रीच्या दुकानातला हा खेळ साधा होता. एकीने शब्द टाकायचा, दुसरीने त्यावरून सुचेल तो शब्द द्यायचा, आणि तोही आत्या शर्टाच्या एका बाहीला इस्त्री करेपर्यंत. आज हरेल ती घड्या घालणार होती. जिंकेल ती बाबांच्या स्कूटरवरून नाटकाचे कपडे पोचवायला जाणार आणि रंगमंच मागच्या बाजूने बघणार. गठ्ठे लादल्यावर स्कूटरवर जागा एकीपुरतीच उरायची. धाकटीने सकाळपासून पायातल्या चपला काढल्या नव्हत्या.

"उंट," ती म्हणाली.

"शेळ्या!" ताईचं उत्तर तयारच.

"उंटाचा नि शेळ्यांचा काय संबंध?"

"उंटावरून शेळ्या हाकणे. पुस्तकात आहे. चालतं ना गं आत्या?"

"चालतं," आत्या वाफेतून म्हणाली.

"आता माझा शब्द," ताई म्हणाली. "डाग!"

"आजोबा!"

"हॅट! हे नाही धरायचं."

धाकटीला आधी थट्टाच वाटली. दोन दिवसांसाठी आलेले आजोबा चार महिने मुक्काम ठोकून राहिले, तेव्हापासून या घरात न निघणाऱ्या डागाला आजोबाच म्हणत. 'कॉलरवर आजोबा बसलेत,' असं ताई स्वतः दिवसातून दहादा म्हणायची.

"ते आपलं घरातलं बोलणं," ताई म्हणाली. "परक्याला कळलं तर खरं. आता जो पहिला येईल त्यालाच विचार."

पहिले आले ते पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. धाकटी धावलीच. "काका, डाग म्हटलं की आजोबा आठवतात ना हो?"

गृहस्थांनी मिशीवरून हात फिरवला, मग खाली वाकून स्वतःचा शर्ट तपासला. "आजोबा झालो म्हणून काय सांडत जेवतो की काय मी?"

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हरलीस तू! बस घड्या घालत!"

"पण आत्या, ताईच्या शेळ्या तर तू मघाशी..."

"एक शब्द बोलू नकोस."

बाहेर हॉर्न वाजला. ताई टुणकन उडी मारून गेलीसुद्धा. आत्याने त्या गृहस्थांची कशीबशी समजूत घातली, त्यांनी इस्त्रीला आणलेले शर्ट ठेवून घेतले आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आली. धाकटीने तोवर एकाही कपड्याला हात लावला नव्हता.

"रुसू नकोस गं. चल, आपण दोघी खेळू."

"आधी सांग. घरातलं बोलणं धरायचं की नाही?"

आत्याने सुस्कारा टाकला. "आपण घरातच खेळतो म्हटल्यावर धरायलाच हवं."

"म्हणजे मी जिंकले होते."

"हो गं बाई. पण आता स्कूटर गेली."

"फोन कर."

"बाबा गाडी चालवताना फोन घेत नाहीत."

"ताई घेईल. ती मागे रिकामीच बसलीय."

आत्याने तिच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, पायातल्या चपलांकडे पाहिलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि फोन शोधू लागली.