कात्रीचा घास

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या शेवटच्या पुस्तकातलं बारावं चित्र अजून कोरं होतं. अकरा त्यांनी केली होती. बारावं लेकीनं करायचं, तेही आज पाचच्या आत. नाहीतर संपादकबाई ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणार होत्या. बाबांच्या पुस्तकात परका कुंचला फिरावा, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

गोष्ट इवलीशी. वाट चुकलेली मुलगी रान ओलांडून घरी पोचते, बस्स.

तिनं अकराही चित्रं टेबलावर ओळीनं मांडली. प्रत्येकाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ होती. छापून झालं की रेघेबाहेरची बोटभर पट्टी कापून टाकतात. त्या पट्टीत बाबा दर पुस्तकात एक जनावर दडवायचे, फक्त तिच्यासाठी. लहानपणी तिला ते सापडलं की ती किंचाळायची आणि बाबा दटावायचे, "हळू, ठमे! कुणाला सांगायचं नाही. तो कात्रीचा घास."

या वेळी पहिल्या दोन चित्रांत ते नव्हतंच. तिसऱ्यात नुसतं शेपूट. चौथ्यात पाठ, काळी, ओलसर. तिला हसू येणार तोच लक्षात आलं, ते दर चित्रात मुलीच्या जवळ सरकत होतं. अकराव्यात त्याचा पंजा रेघ ओलांडून आत आला होता. मुलीच्या सावलीवर टेकला होता.

हात चुकला म्हणावं, तर बाबांचा हात रेघेला कधी चुकला नव्हता.

तिनं चित्रं पालथी केली. मागे तारीख घालायची बाबांची सवय. शेपटाच्या चित्राची तारीख तिनं दवाखान्याच्या फायलीशी ताडून पाहिली. पहिला रिपोर्ट आदल्या दिवशीचा होता. त्या दिवशी बाबा 'जरा कागद बघून येतो' म्हणून गेले होते. घरी आजाराचं कळलं ते पाच महिन्यांनी, हातात काही उरलं नव्हतं तेव्हा.

चारला संपादकबाई आल्या. पंजा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय? पुसून टाक बाई. आणि शेवटी छान उजेड दाखव. दारात आई उभी वगैरे."

"बाबांनी मुद्दाम काढलाय तो."

"असेल. पण चार-चार वर्षांची लेकरं बघणार हे. घाबरून अंथरूण ओलं करतील, आणि आया मला फोन करतील!"

पाठ फिरवून तिनं कागद ओढला. आधी दार काढलं, मग उंबऱ्यावर मुलगी, मागे वळून पाहणारी. मग मोठा कुंचला काळ्यात बुडवला आणि रेघेच्या आत, अंगणाच्या मधोमध, ते अख्खं जनावर उभं केलं. कात्रीसाठी त्याचा केससुद्धा बाहेर ठेवला नाही.

"मुलं घाबरतील गं," संपादकबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता.

"घाबरू देत. घाबरलेलं पोर दाराला कडी तरी घालतं."

संपादकबाईंनी चित्र उचललं. रंग अजून ओला होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग जनावराच्या तोंडाजवळचा आपला अंगठा त्यांनी हळूच मागे घेतला.