चौदा नंबरची मागणी

चौतीस वर्षं मी वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात काढली. माल पास की नापास, हे माझ्या शिक्क्यावर ठरायचं. निवृत्तीच्या दिवशी शिक्का जमा केला, खोड मात्र घरी घेऊन आलो. अजूनही मेथीची जुडी मी उजेडात धरून बघतो आणि माझी बायको सुनंदा तेवढ्या वेळात दोन पावलं लांब जाऊन उभी राहते. स्वभावाला औषध नसतं म्हणतात.

तर अशा माणसाने मोटरहोम करायला घेतलं. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, म्हणजे चाकांवरचं घरच. सतरा सीटची एक जुनी डिझेल मिनीबस मी हेरली, तिचं इंजिन कान लावून ऐकलं, आणि धुळ्याला पारोळा रोडवर रुपचंद मिस्त्रीच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. महिना महिना आम्ही दोघांनीच फिरायचं, नर्मदेच्या काठाने जायचं, मग खाली कोकणात उतरायचं, असा बेत होता. लग्नं आणि दहावे सोडले तर आयुष्यात सुनंदाला मी कुठे नेलंच नव्हतं. ती कसर आता भरून काढू, म्हटलं.

गाडीत काय काय हवं त्याचा मी रीतसर फॉर्म केला. अनुक्रमांक, मागणी, कारण आणि शेरा, असे चार रकाने. दिवाळीत मुलगा तेजस आणि सून ऋतिका जळगावहून आले तेव्हा तो फ्रिजवर चिकटवला आणि जाहीर केलं, ज्याला जे पाहिजे ते त्याने लिहावं, शेरा मी मारणार. पोरं हसली, पण लिहिलं. पहिल्या आठ मागण्या माझ्याच होत्या. इंजिन डिझेलचंच, कारण डिझेल मिळत नाही असं गाव दाखवा. मोठी टाकी. छतावर सोलर. मागे कॅमेरा. बाजूला ओढून काढायचा मांडव. मागच्या कोपऱ्यात देव्हारा, आणि त्याला लागून माझी फिरती खुर्ची, मागे पळणारा रस्ता बघत चहा प्यायला. या खुर्चीवर माझा फार जीव होता. तेजसने लिहिलं होतं, डिझेलऐवजी बॅटरीवरची गाडी घ्या. शेरा, नामंजूर.

सगळ्यात खाली, चौदा नंबरला, पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'आत संडास. लहान चालेल.' कारणाचा रकाना कोरा होता.

मी लाल पेनने शेरा मारला, 'अनावश्यक. देवाशेजारी संडास? हे हॉटेल नाही.' खाली सही आणि तारीख. ऋतिकाचं काम असणार, हे मी धरूनच चाललो होतो. आजकालच्या मुलींना पावलोपावली सोयी लागतात, हे माझं मत आधीपासून तयार होतं.

जानेवारीत आम्ही दोघं धुळ्याला गेलो. सुनंदाला पडद्यांचं कापड निवडायचं होतं. रुपचंदने आतून मापं घेतली, सगळं बसेल अशी मान हलवली आणि कानावर पेन्सिल ठेवत म्हणाला, "भाऊ, बठ्ठं व्हई जाई. पन संडास कोठे काढाना?"

मी खिशातून फॉर्म काढला आणि चौदा नंबर माझ्या शेऱ्यासकट मोठ्याने वाचून दाखवला. शेडमधले दोन वेल्डर काम थांबवून ऐकायला लागले, तसा मला आणखी चेव आला.

"सुनेची फर्माईश आहे," मी म्हटलं. "फिरायला जाताना तिला संडास बरोबर पाहिजे! आणि ही आमची मिसेस बघा. उंट आहे, उंट! वरणगावहून निघाली की नाशिक येईस्तोवर पाण्याचा थेंब नाही, कुठे थांबा म्हणणं नाही. तीस वर्षांत एकदा गाडी थांबवायला लावली असेल तर शपथ. असं माणूस सोबत असल्यावर संडास कशाला?"

उंटाची ही गोष्ट माझी फार आवडती. फॅक्टरीत, पंगतीत, सोयऱ्याधायऱ्यांत, जिथे चार माणसं जमतील तिथे मी ती सांगितलेली. मी बायकोचं कौतुक करतोय, असंच मला वाटायचं.

वेल्डर हसले. रुपचंद हसला नाही. "आतेपावत दहा गाड्या व्हयन्यात भाऊ, लोके पैले तेच इचारतस," एवढं बोलून त्याने टेप गुंडाळला. सुनंदा पडद्याचं कापड बघत होती.

घरी आल्यावर संध्याकाळी मी ऋतिकाला फोन लावला. तिची जराशी फिरकी घ्यावी, एवढाच हेतू. म्हटलं, तुझी चौदा नंबरची मागणी धुळ्यापर्यंत गाजली.

"बाबा, ती माझी नाही," ती म्हणाली. "माझी नऊ नंबरची, मोबाईल चार्जिंगची. तुम्ही ती मंजूर केलीत."

"मग चौदा कोणी लिहिली?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मींना विचारा ना."

सुनंदा शेजारी नूतनताईंकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होती. मी फॉर्म घेऊन बसलो. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचं अक्षर कसं आहे ते मला माहीत नव्हतं. पत्र तिने कधी लिहिलं नाही, मी कधी गावाला गेलो नाही. मग सुचलं आणि स्वयंपाकघरात गेलो. मांडणीवरच्या डब्यांना तिने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. लवंग. वेलची. दालचिनी. कळण्याचं पीठ. एकेक डबा काढून मी फॉर्मशेजारी धरला. तीच 'ल'ची मोठी गाठ, तोच 'न'चा वाकडा दांडा. संशयाला जागा नव्हती. माझे कान तापले.

सुनंदा आली तेव्हा मी ओट्यावर सात डबे मांडून उभा होतो. तिच्या हातात वाणात मिळालेली चहाची गाळणी होती.

"हे तू लिहिलं?"

तिने फॉर्म बघितला, डबे बघितले. "हो. पन आता ऱ्हाऊ द्या. शेरा पडला ना त्याच्यावर."

"मले तोंडानं सांगाचं ना."

"सांगतलं व्हतं एकदा," ती म्हणाली, आणि डबे उचलून जागच्या जागी लावायला लागली. लावता लावताच बोलली.

तेजस दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. शिरपूरला लग्न होतं, जीपमध्ये आम्ही अकरा माणसं. चोपड्याच्या पुढे तिने मला हळूच सांगितलं, गाडी थांबवा. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "घरून आटपून निंगता येत नई का? ढोरायलेबी कळते." जीपमधले हसले. मग गाडी थांबली ती उघड्या रानात. कापूस उपटून झालेला, आडोशाला झाड नाही. ती उतरली, जरा वेळ उभी राहिली, आणि तशीच परत येऊन बसली. शिरपूर येईपर्यंत तशीच.

"तवापासून कुठी निंगायचं म्हनलं का मी आदल्या सांजपासून पानी सोडते," सुनंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं.

मला यातलं काही म्हणजे काही आठवेना. तिला मात्र जीपचा रंग, कोण कुठे बसलं होतं, कोण आधी हसलं, सगळं पाठ होतं. मला आठवलं ते वेगळंच. तिचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, बाई, पाणी कमी पिता का? तिने तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं होतं, हिला तहानच लागत नाही डॉक्टरसाहेब! आणि हसलोही होतो.

माझी मलाच इतकी शरम वाटली की तिच्यासमोर उभं राहवेना. बाहेर जाऊन चपला घातल्या. कुठे जावं ते सुचेना, म्हणून परत काढल्या.

"तुमीच जा फिराले," आतून सुनंदा म्हणाली. "मी घरी बरी. दोन दिवसाचं असतं तं निभावलं असतं. महिनाभर पान्याबिगर कशी राहू मी?"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच एसटीने धुळ्याला गेलो. वाटेत तीनदा ठरवलं की रुपचंदला बाजूला घेऊन सांगायचं. पण बोललो होतो ते सगळ्यांदेखत, मग आता बाजूला घ्यायचं तोंड कुठलं? शेडमध्ये वेल्डर होते तिथेच उभा राहिलो.

"चौदा नंबर सुनेचा नव्हता," मी म्हटलं. "माझ्या बायकोचा होता. संडास काढायचा आहे."

वेल्डरांनी माना खाली घातल्या. रुपचंदने हातातली हातोडी ठेवली. "माले तवयच समजी गयथं भाऊ."

"कसं काय?"

"अक्कानी कापड उलटं धरेल व्हतं."

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. मला दिसलं नव्हतं, पत्रा ठोकणाऱ्या माणसाला दिसलं होतं. खाली बघत मी विचारलं, जागा कुठे निघेल?

"जागा एकच शे. तुमनी खुर्चीनी."

"काढून टाक खुर्ची."

"आनि देव?"

देवाचं मला सांगता येईना, म्हणून तिथूनच सुनंदाला फोन लावला. संडास होतोय हे सांगून देवाचं विचारलं. ती म्हणाली, "देव पुढं बसवा, काचीपाशी. त्यालेबी रस्ता दिसीन."

मार्चमध्ये गाडी तयार झाली. आणायला सुनंदा आली. मी काही म्हटलं नव्हतं, तीच सकाळी साडी बदलून तयार होती. तिने नारळ फोडला, गाडीत चढली, पलंग, ओटा, सोलर, काही बघितलं नाही. सरळ मागे जाऊन ते छोटं दार उघडलं, आत गेली आणि कडी लावून बघितली. काढली. परत लावून बघितली.

"कडी पितळनी शे अक्का, गंजाव नही," रुपचंद बाहेरून म्हणाला.

निघताना मी स्वतः टाकीतून पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. "पेते मंग." पारोळा मागे पडला तरी पेला भरलेलाच. मला आरशात दिसत होतं. एकतीस वर्षांची सवय पितळेच्या कडीने एका दिवसात सुटेल, असं मी कोणत्या तोंडाने धरून चाललो होतो?

एरंडोलला डिझेल भरायला थांबलो तर पंपावर पितांबर भेटला. फैजपूरचा, माझ्याच खात्यातून निवृत्त झालेला. गाडी बघून तो चाटच पडला. मग काय, खोड उसळली. मी मांडव ओढून दाखवला, कॅमेरा दाखवला, इंजिनाचा आवाज ऐकवला. पितांबरने दारातून आत डोकं घातलं. पलंगावर बसलेल्या सुनंदाने तेव्हाच पेला उचलून ओठाला लावला होता.

"आणि हे काय, संडास?" पितांबर मोठ्याने हसला. "अरे गिरधर, तुला कशाला रे संडास? वहिनी म्हणजे तर उंट ना!"

सुनंदाने पेला खाली ठेवला.

माझी गोष्ट, माझेच शब्द, हसणंसुद्धा माझंच. किती जणांना सांगून ठेवलं होतं मी! आता तिने उरलेलं आयुष्य, कुठल्या पंपावर कोण भेटेल आणि काय बोलेल, हे ऐकत फिरायचं. भर उन्हात मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

"पितांबर, ती उंट नाही," मी म्हटलं. "मी तिला चारचौघांत ढोरासारखं बोललो होतो. तेव्हापासून ती प्रवासात पाणी पीत नाही. एकतीस वर्षं झाली. ती गोष्ट आता कोणाला सांगू नको."

डिझेल भरणारा पोरगाही वळून बघायला लागला. पितांबरचं हसू तसंच तोंडावर राहिलं, मग गेलं. "येतो वहिनी," म्हणून तो त्याच्या गाडीकडे निघून गेला.

मी गाडी काढली. मागे बघायची हिंमत नव्हती. बऱ्याच वेळाने आरशात नजर गेली तर ओट्यावरचा पेला रिकामा होता. प्यायली की मोरीत ओतला, ते कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचं मला तोंड नव्हतं.

गिरणेचा पूल जवळ आला तेव्हा मागे तिच्या उठण्याचा आवाज आला. दांडीला धरत धरत ती मागे गेली. दार लागलं. मग कडी लागली.

मी गाडी डावीकडे घेतली आणि थांबवली. मागून एक ट्रकवाला कर्कश हॉर्न देत गेला. मी इंजिनही बंद केलं. समोर काचेपाशी देव होते, त्यांच्याकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने कडी निघाली.

"थांबवली काहून?" सुनंदाने विचारलं. "आता तं काही गरज नवती."

मला मागे वळून तिच्याकडे बघवेना. "त्या वेळची थांबवली," मी म्हटलं.

टाकीची तोटी उघडल्याचा आवाज आला, पेला भरल्याचा आला. तो रिकामा होईपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.