नूरियेकाकीचा पासपोर्ट

"स्वेतला!" खिडकीतून तिसऱ्यांदा हाक आली तशी बाकावरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. काकी मात्र मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत निवांत बसली होती. मी तिला कोपरानं ढोसलं.

"काकी, तुला बोलावतायत."

"मला कशाला? ती कुणा स्वेतलाला बोलावतेय."

"अगं, तूच ना ती!"

"कागदावर," काकी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

काकीचं नाव नूरिये. शाबानकाकांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. सत्तरी ओलांडलेली काकी आमच्या डोंगरातल्या गावात एकटीच राहायची. दोन शेळ्या, बटाट्याचा तुकडा, आणि जन्मभर तंबाखूची पानं दोऱ्यात ओवून काळी पडलेली बोटं. कधी पासपोर्ट काढावा लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिची धाकटी बहीण नेफिसे तुर्कस्तानात, बुर्सा शहरात होती. एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात ती तुर्क नवऱ्याच्या माणसांबरोबर गेली, ती तिकडचीच झाली. तेव्हा आम्हा पोमाकांना, म्हणजे बल्गेरियन बोलणाऱ्या मुसलमानांना, बल्गेरियाचं सरकार पासपोर्ट देत नव्हतं. पुढे देऊ लागलं, तर काकीला घर सुटेना. नेफिसे दोनदा येऊन गेली, मग तिचे पाय थकले. आणि गेल्या आठवड्यात तिच्या मुलाचा फोन आला, "मावशी, आईच्या पोटात गाठ निघालीय. डॉक्टर फार बोलत नाहीत. तू ये."

म्हणून मी दुकान बंद ठेवलं आणि काकीला गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी पासपोर्टच्या ऑफिसात आणलं.

खिडकीमागची मुलगी तरुण होती. आवाज चांगला होता तिचा. तिनं काकीचं ओळखपत्र पाहिलं, पडद्यावर काहीतरी टिपलं.

"आजी, नाव स्वेतला. बरोबर?"

"नाही. नूरिये लिही."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काकीकडे. घरून निघताना काकी यातलं अवाक्षर बोलली नव्हती.

"पण आजी, ओळखपत्रावर तर..."

"त्याला मी काय करू? आईनं नूरिये ठेवलं. तुर्कस्तानात चाललेय मी बहिणीकडे. ती कुठल्या स्वेतलाला ओळखत नाही."

मुलीनं न चिडता समजावलं. नाव बदलून घेता येतं, पुष्कळांनी घेतलंय. आधी नगरपालिकेत अर्ज, मग नवं ओळखपत्र, आणि मग पासपोर्ट. "सगळं मिळून महिना-दीड महिना लागेल. आहे त्या नावावर घाईचा अर्ज केलात, तर याच आठवड्यात हातात येईल. विचार करा. मी तोवर पुढच्या माणसाचं घेते."

आम्ही पुन्हा बाकावर येऊन बसलो. काकीनं पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"तुझ्या काकानं हे करून ठेवलंय," ती म्हणाली.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, पण काकीच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. बहात्तर-त्र्याहत्तरचा हिवाळा. सरकारनं ठरवलं, की पोमाकांनी मुसलमानी नावं टाकायची आणि बल्गेरियन नावं घ्यायची. गावाला शिपायांचा वेढा पडला. बायका पोरांना आणि मेंढ्यांना घेऊन रानात पळाल्या, त्यांत काकीही होती, नवी नवरी. पुरुषांना चावडीत कोंडून मारलं. काकांनी बरेच दिवस दम धरला. मग सही केली. स्वतःच्या नावाबद्दल ते म्हणाले, "तुम्हाला हवं ते लिहा." अधिकाऱ्यांनी स्तोयान लिहिलं. बायकोचं नाव विचारलं, तेव्हा मात्र काका अडून बसले. सरकारी नावांची यादी पुन्हा वाचा म्हणाले. फुटक्या ओठांनी त्यांनी सबंध यादी दोनदा ऐकली.

"आणि मग म्हणाला, स्वेतला," काकी सांगत होती. "मी रानातून आले तर अंगणात उभा. डोळा सुजलेला. म्हणतो कसा, नूरिये म्हणजे उजेड, स्वेतला म्हणजेही उजेडच. मी अर्थ तेवढा वाचवला बघ."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अर्थाला काय चाटू? मेंढ्यांना रानात काय खायला घातलं ते तरी विचार! आणि हिवाळा संपेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही." काकी किंचित हसली. "नव्वद साली नावं परत द्यायला लागले. हा सकाळी दाढी करून तयार. चल म्हणाला. मी म्हटलं, तू घातलंस ना, मग तूच काढून आण. गेला बिचारा. आपलं नाव घेऊन आला. माझं देईनात, बाईनं स्वतः यायला हवं म्हणाले. रोज मागे लागायचा, चल गं, चल गं. मी आपली ताठ्यात. खाणीत राबून धुळीनं तेव्हा त्याची छाती भरलेलीच होती. त्याच थंडीत गेला. मग म्हटलं, आता कोण हाक मारणाराय, कागदावर काहीका असेना."

मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून पिशवीची गाठ आवळली. मग म्हणाली, "नेफिसेला फोन लाव."

फोन तिच्या मुलानं उचलला आणि आईच्या कानाला लावला. आवाज बारीक येत होता, पण शेजारी बसून मला ऐकू येत होता.

"नेफिसे, ऐक. नावाची भानगड झालीय. महिना थांबतेस का?"

तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग खोकला, आणि त्यातच हसणं.

"नुरे, अगं मला इथं आल्यावर सरकारनं अख्खं नवं आडनाव चिकटवलं. अजून माझ्या जिभेवर बसत नाही. मी काही म्हटलं? तू जन्मापासून हट्टीच मेली. तुझं नाव मला पाठ आहे गं. तू ये."

काकीनं फोन माझ्या हातात दिला, रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि रांगेची पर्वा न करता सरळ खिडकीपाशी गेली.

"लिही पोरी. स्वेतला लिही. घाईचं कर."

मुलीनं भराभर अर्ज भरला. फोटोसाठी कान दिसायला हवेत म्हणाली, तर काकी म्हणाली, "कान बघून काय करणार? लग्न जमवताय का माझं?" रांगेतली माणसं हसली. मुलगीही हसली. मग तिनं काकीपुढे एक छोटी काचेची पाटी सरकवली आणि हातात काडीसारखं पेन दिलं.

"यावर सही करा, आजी."

काकीनं पेन धरलं. वाकली. जिभेचं टोक दातांत धरून ती एकेक अक्षर काढू लागली, शाळेतल्या मुलीसारखं, मोठं आणि गोल. मी खांद्यावरून पाहिलं. तिनं 'नूरिये' लिहिलं होतं.

मुलीनं पडद्यावर पाहिलं. "आजी, हे तर..."

"तू माझी सही मागितलीस ना? ही माझी सही."

शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर बाईकडे मुलीनं नजर टाकली. त्या बाईनं चष्म्यावरून काकीला न्याहाळलं, मग पडद्याला, आणि म्हणाली, "सही ज्याची त्याची असते. घे पुढे."

आठवडा संपायच्या आत लालसर रंगाचं ते पुस्तक आलं. काकीनं फोटो पाहून "ही म्हातारी कोण?" एवढंच विचारलं. मी तिला बुर्साच्या बसमध्ये बसवलं. बरोबर वाळवलेले घेवडे, शेळीचं चीज आणि वाटेत खायला क्लिन, भात भरून भाजलेली पोळी.

नंतर एकदाच फोन लागला. मागून नेफिसेचा आवाज येत होता. "हिला घेऊन जा इथून! सारखी माझी उशी वर कर, खाली कर. झोपू देत नाही." आणि काकी ओरडत होती, "गप पड, सूप सांडशील!" दोघी लहानपणीही अशाच भांडायच्या म्हणे.

पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी काकी परतली. मी बस स्टँडवर उभी होते. सगळी माणसं उतरली, मग ती सावकाश उतरली. अंगात गडद निळा लोकरीचा कोट होता. मी तो कधी पाहिला नव्हता. बाह्या मनगटावर दुमडलेल्या, खालची कड पार घोट्यापर्यंत आलेली. बर्फात भिजू नये म्हणून ती एका हातानं तो उचलून धरत होती.

मी पिशवी घेतली.

"कोट छान आहे, काकी."

"ऊब आहे याला." तिनं वरचं बटण चाचपलं. "लांब होतो जरा. ती माझ्यापेक्षा उंच होती."