चार बोटांनी अडलेली मिनीबस

मित्रांनो, मी एक जुनी मिनीबस आहे. माझे छप्पर जरा जास्तच उंच आहे आणि त्या छपरापायी मी इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या आवारात अडकून पडले होते. गाडीला राग येत नाही असे लोक म्हणतात. त्यांनी मला कधी विचारलेले नाही.

आधी मी शाळेची गाडी होते. रंग पिवळा, खिडक्यांना आडवे गज. इंदिरानगरमधली मुले गोळा करायची आणि गंगापूर रोडवरच्या शाळेत सोडायची, हे माझे काम. मुलांनी माझ्या सीटवर कर्कटकाने नावे कोरली. सीटखाली पोळीचे तुकडे कोंबले. सहलीच्या दिवशी तर ती माझ्यातच ओकली. मी वैतागायचे. पण मी रोज कुठेतरी जात होते आणि रोज परत येत होते. तेव्हा मला त्याची किंमत वाटली नाही.

वय झाले म्हणून शाळेने मला काढून टाकले. एका गॅरेजच्या मागे धूळ खात पडले होते, तेव्हा उपेंद्रकाका मला बघायला आले. सोबत शैलाकाकू होत्या. काका पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. काकू घरी शिवणक्लास चालवायच्या. काका माझ्या चेसिसखाली वाकून वाकून बघत होते. काकू सरळ आत चढल्या, शेवटच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "हीच घ्या."

"अगं, इंजिन तरी बघू दे."

"इंजिन तुम्ही बघा. मला सकाळी झोपेतून उठून दार उघडलं की समोर समुद्र पाहिजे. हॉटेल नको, लॉज नको. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वाटेल तिथं थांबायचं आणि हिच्यातच झोपायचं. बाकी काय करायचं ते तुम्ही करा."

हे 'बाकी' काकांनी फारच मनावर घेतले. सगळा घोळ तिथे झाला.

माझ्या सीट काढल्या. आत पलंग आला, ओटा आला, छोटे सिंक आले, पाण्याची टाकी आली. काका उंच आहेत. आत ताठ उभे राहता आले पाहिजे म्हणून त्यांनी माझे छप्पर कापून वर उचलून घेतले. काकूंनी निळे पडदे शिवले. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून दारात ठेवायला सुताराकडून एक रुंद लाकडी पायरी करून घेतली. पिवळा रंग जाऊन पांढरा आला. मी इतकी देखणी कधीच नव्हते.

त्या नव्या रूपात मी सोसायटीत शिरले, तेव्हा फाटकाची लोखंडी कमान माझ्या छपरापासून दोन बोटे वर राहिली. काका खाली उतरून कौतुकाने बघत राहिले. "बघितलंस? मोजून केलंय."

मग नियोजन सुरू झाले. मित्रांनो, नियोजन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही सुखी आहात.

दर रविवारी दोघे चहाचा थर्मास घेऊन माझ्यात येऊन बसत. आतल्या भिंतीवर काकांनी कोकणचा मोठा नकाशा चिकटवला होता. आधी ठरले की घोटीवरून घाट उतरायचा, अलिबागपासून सुरुवात करायची आणि खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचे. मुक्काम ठरले, पाणी कुठे भरायचे ते ठरले. मी तयार झाले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "म्हणजे समुद्र उजव्या बाजूला. तुमच्या बाजूला. मी काय डोंगर बघत जाऊ?"

काका विचारात पडले. मग सगळे उलटे केले. आधी कोल्हापूरमार्गे थेट वेंगुर्ले गाठायचे आणि किनाऱ्याने वर यायचे. म्हणजे समुद्र डावीकडे, काकूंच्या खिडकीत. या एका खिडकीपायी सगळे मुक्काम पुन्हा ठरवावे लागले. त्यात खाड्या आल्या. खाडी ओलांडायला फेरीबोट, आणि फेरीबोट म्हटले की भरती-ओहोटी. काकांनी आयुष्यभर पाण्याचाच हिशेब केलेला. ते भरतीच्या वेळा बघू लागले आणि आणखी एक हिवाळा गेला.

मग पाऊस आला. पावसानंतर रस्ते खराब. रस्ते झाले तर दिवाळीचे पाहुणे. पाहुणे गेले तर त्यांची मुलगी यशश्री पुण्याहून सुट्टीला येणार. ती परत गेली तर शाळांच्या सहलींची गर्दी. मी उभी. माझ्या टायरांच्या सावलीत मांजर व्यायली, तिची पिल्ले मोठी होऊन निघून गेली. मी उभीच.

"अहो, जाऊन येऊ की. राहिलं तर राहिलं," काकू म्हणायच्या.

"आणि मध्येच काही राहिलं म्हणजे? रस्त्यात कोण देणार?"

"कोकणात माणसं राहतात. वाळवंट नाही ते."

त्याच सुमारास सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचे निघाले. ते काम काकांनीच अंगावर घेतले. पावसाचे पाणी साचते, उतार नीट द्यायला हवा, ते कुणा येऱ्यागबाळ्याला जमणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते दिवसभर उन्हात उभे राहून पाणी ओतून उतार बघत होते. फाटकापाशी त्यांनी जमीन चांगली उचलून घेतली. उतार फार सुरेख झाला. पाण्याचा एक थेंब राहत नाही.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आले ना? माझ्याही आले होते. फक्त मला बोलता येत नाही.

शेवटी एके दिवशी काकूंनी थर्मास आदळला. "या आठवड्यात निघायचं. नाहीतर मी एकटी एसटीने जाते." मग काका हलले. सकाळी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. शेजारचे सगळे खाली आले. काकू डाव्या खिडकीत बसल्या, हात हलवत. मी लिंबू चिरडून पुढे निघाले. आणि कमानीपाशी माझे छप्पर खर्रकन घासून थांबले.

काका उतरले. वर बघितले, खाली बघितले, पुन्हा वर बघितले.

"चार बोटं," ते म्हणाले. "चार बोटं कमी पडतात."

चाकांतली हवा कमी केली. तरी दोन बोटे कमीच. काका घामाघूम झाले. काकू खिडकीतून म्हणाल्या, "एवढं काय? सगळ्या सोसायटीला आत बसवा. वजनाने बसेल खाली."

लोक हसले. ते हसणे काकांच्या मनाला लागले. "शैला, चेष्टेची वेळ आहे का ही?"

मला पुन्हा जागेवर लावले. काकू खाली उतरल्या आणि बांधलेला डबा वर नेऊन सगळ्यांना पुऱ्या वाढल्या.

त्यानंतर काका कमानीच्या मागे लागले. ती कापा म्हणाले. सोसायटीचे अध्यक्ष विश्वेश. काकांपेक्षा वयाने बरेच लहान, पण कमान त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. ते म्हणाले, "काका, कमान होती तिथंच आहे. जमीन तुम्ही वर आणलीत." हे खरे होते, म्हणून काकांना फार झोंबले. बैठकीत आवाज चढले. दोघांचे बोलणे बंद झाले. जिन्यात समोर आले की एक जण उगाच चपलेचा बंद बघायचा. खालच्या मजल्यावरच्या लंकाबाईंनी मध्ये पडून बघितले, तर काका त्यांच्याशीही बोलेनासे झाले. इतकी माणसे, आणि कुणालाही चार बोटांचा तोडगा काढता येईना. मी वैतागून गेले होते.

त्या भांडणातच काकू आजारी पडल्या. त्यांना न्यायला रुग्णवाहिका आली. ती बुटकी होती. कमानीखालून सहज गेली. परत येतानाही सहज आली. तेव्हा काकू पांढऱ्या चादरीखाली होत्या.

काका वर्षभर माझ्याजवळ फिरकले नाहीत. माझी बॅटरी मेली. टायर खाली बसले. पडद्यांवर बुरशी आली. मुलांनी माझ्या धुळीत बोटाने नावे लिहिली. कबुतरांनी काय केले ते मी सांगत नाही. कधीकधी काका गॅलरीत उभे राहून माझ्याकडे बघायचे आणि लगेच आत जायचे. एकदाच ते आले, माझे दार उघडले आणि ती लाकडी पायरी उचलून पलंगाखाली ढकलली. पाठ फिरवून गेले.

वर्षश्राद्ध झाले. यशश्री म्हणाली, "बाबा, ती गाडी विका. तुम्ही तिच्याकडे बघता आणि जेवत नाही."

"बघ कुणी घेत असेल तर," काका म्हणाले.

घोटीचे बहिरू मला बघायला आले. जाडजूड, हसरे गृहस्थ. त्यांनी माझ्या पोटावर थाप मारली. "काका, गाडी लय भारी हाय. पण बाहेर काढून द्या. आत अडकलेली गाडी घेऊन मी काय करू?"

काकांनी हवा भरून घेतली, नवी बॅटरी टाकली. मी सुरू झाले. पण कमान तिथेच होती. काका तिच्याखाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. यशश्रीने हाक मारली, तरी त्यांनी ऐकले नाही. मग ते एकदम वळले, जिना चढून गेले आणि विश्वेशांच्या दाराची बेल वाजवली. माझ्या खिडकीतून मला सगळे ऐकू येत होते.

"विश्वेश, खाली येतोस का? गाडीत बसायला."

"गाडीत?"

"शैला म्हणाली होती. सगळ्यांना आत बसवा म्हणून."

विश्वेश पायात चपला घालून खाली आले आणि सगळ्यांत आधी माझ्यात चढले. मग काकांनी एकेका दारावर जाऊन बोलावले. ज्यांच्याशी बोलणे टाकले होते, त्यांनाही.

"म्हणजे मला वजन म्हणून बोलावलं होय?" लंकाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मावशी, तुम्ही मागच्या चाकावर बसा," विश्वेश आतून ओरडले. "आज तुमच्यावर सगळी भिस्त आहे."

"बसते हो. पण कुणी वजन विचारायचं नाही."

पलंगावर, ओट्यावर, खाली फरशीवर, एकमेकांच्या मांडीवर माणसे बसली. यशश्री डाव्या खिडकीत. बहिरूंनाही आत ओढले. माझे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. मी खाली बसत गेले, बसत गेले. इतकी माणसे तर शाळेच्या काळातही माझ्यात कधी कोंबली नव्हती. चाकांतली हवा थोडी सोडली. काकांनी पहिला गियर टाकला. आत सगळ्यांनी श्वास रोखला होता. जणू त्यांनी श्वास घेतला तर मीच फुगेन!

कमान माझ्या डोक्यावरून गेली. घासली नाही.

मी रस्त्यावर आले. आत एकच गलका झाला. लंकाबाई सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या. लोक उतरले, तसतशी मी उंच होत गेले. विश्वेशांनी पंप आणून हवा भरून दिली. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

बहिरू हात चोळत पुढे आले. "चला, काम झालं. आता हिला हायवेला नेतो. चाकं काढायची, विटांवर उभी करायची. भज्यांची गाडी करतो. लय चालंल."

"चाकं काढणार?" काकांनी विचारले.

"मग? तिला कुठं जायचंय आता?"

मित्रांनो, माझे इंजिन चालू होते, पण मला वाटले ते थांबले.

काकांनी डाव्या खिडकीकडे बघितले. मग म्हणाले, "समुद्रावर जायचंय."

"आँ? अवो काका, इकायची नाय तर मला आत कशाला बसवलं?"

"वजनाला."

बहिरू कपाळावर हात मारून हसू लागले. काका म्हणाले, "चढा. घोटीपर्यंत सोडतो. वाटेतच आहे."

"बाबा, आत्ता? कपडे? सामान? आणि तुम्ही तर आधी वेंगुर्ल्याला..." यशश्री म्हणाली.

"गाडीत सगळं आहे. गेली कित्येक वर्षं आहे."

मी घोटीला बहिरूंना उतरवले. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "परत येताना या. गाडी इकायला नाय, असंच." मी घाट उतरले. नकाशा भिंतीवरच राहिला, त्याच्याकडे कुणी बघितले नाही. चुकलो की यशश्री खाली उतरून वाट विचारायची. अलिबागच्या पुढे एका गावात सुरूच्या झाडांमधून कच्चा रस्ता गेला होता. आम्ही त्याने गेलो आणि रस्ता संपला.

समुद्र डावीकडे हवा की उजवीकडे, यात दोघांनी इतकी वर्षे घालवली होती. तो डावीकडे नव्हता आणि उजवीकडेही नव्हता. समोर होता.

सकाळी काकांनी पलंगाखालून लाकडी पायरी ओढून काढली आणि माझ्या दारात ठेवली. तिच्यावर ते बसले, पण एका बाजूला सरकून. उरलेली जागा मोकळी ठेवली. यशश्रीने ते बघितले आणि चहाचा कप घेऊन ती वाळूत जाऊन बसली. मग काका म्हणाले, "पुढची खाडी कधी ओलांडायची?"

"भरतीची वेळ बघू का?" यशश्रीने विचारले.

"नको. बोट येईल तेव्हा."

मित्रांनो, आता मी तुमच्याकडे एवढेच मागते. तुमच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिच्यात हवा भरा, तिला सुरू करा, चार माणसांना घेऊन कोपऱ्यापर्यंत तरी फिरवून आणा. उभे राहून आम्ही जितक्या मोडतो, तितक्या चालून मोडत नाही. आणि तुमच्या घरात कुणी कधीपासून 'कधी जायचं?' असे विचारत असेल, तर आधी नकाशा उघडू नका. आधी किल्ली शोधा.

आणि निघण्यापूर्वी कमान तेवढी मोजा.